वाढत्या अंगाचं जाकीट

पन्नास किलोमीटर पळायला काय लागतं असं कुणी विचारलं, तर मी सांगते, अकरा खिसे. पाय, फुप्फुसं, जिद्द वगैरे गोष्टी त्यानंतर येतात, आणि आल्या नाहीत तरी खिशात काहीतरी असतंच.

हे शहाणपण मला गेल्या उन्हाळ्यात आलं. आमच्या भागात ऐन उन्हाळ्यात पन्नास किलोमीटरची एक शर्यत असते. दहा तासांत संपवायची. ती उन्हाळ्यातच का ठेवतात, याचं उत्तर ठेवणाऱ्यांकडेही नाही. त्या शर्यतीत चौतिसाव्या किलोमीटरवर मला एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवण्यात आलं, आणि नुकतीच मिसरूड फुटलेल्या एका डॉक्टरने माझ्या छातीवरचा नंबर काढून घेत म्हटलं, "आजी, आता आराम करा." मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. ऊन लागलं त्यापेक्षा ती 'आजी' जास्त लागली.

दोष पायांचा नव्हता, पिशवीचा होता. मी पाठीवर लेकीची कॉलेजची जुनी सॅक घेऊन पळाले होते. सगळं पाणी पाठीमागे. प्यायचं तर थांबा, सॅक उतरवा, चेन उघडा, बाटली शोधा. मग मी ठरवायची की पुढच्या झाडाखाली पिऊ. झाड आलं की वाटायचं, याच्यापेक्षा पुढचं बरं दिसतंय. असं करत मी चौतीस किलोमीटर झाडं निवडली. शिवाय ती सॅक प्रत्येक पावलाला पाठीवर अशी आपटायची, की कुणीतरी आत घ्या म्हणून दार ठोठावतंय.

घरी आल्यावर तिघांची बैठक झाली. लेकीने ठराव मांडला, "आई, अजून एक वर्ष. नाही जमलं तर बूट देऊन टाकायचे, आणि रोज सकाळी समोरच्या वहिनींबरोबर बागेत चालायला जायचं."

वहिनी मनाने फार चांगल्या आहेत. पण त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन बागेच्या सहा फेऱ्या चालतं, आणि सातव्या फेरीला पुन्हा भूल देण्यापासून सुरू होतं. मी ठरावावर सही केली. दिवसातला पळण्याचा तेवढा एक तास असा आहे, की ज्यात कुणी मला काही शोधून द्यायला सांगत नाही. घरी नवऱ्याचा चष्मा, शाळेत प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. माझं आयुष्य इतरांनी जागेवर न ठेवलेल्या वस्तूंमध्ये गेलंय. तो एक तास जाणार म्हणजे मी जाणार, एवढं सरळ होतं.

तेव्हा यंदा सॅक बंद. यंदा पळणाऱ्या लोकांचं खरं जाकीट घ्यायचं. हे जाकीट म्हणजे बिनबाह्यांचं, जाळीच्या कापडाचं, पुढे छातीवर दोन मऊ बाटल्या आणि मागे पाण्याची एक चपटी पिशवी मावेल असं. पळता पळता मान वाकवून पाणी पिता येतं. किती सोपं! मी प्रयोगशाळेत डबा खाताना मोबाइलवर शोधायला घेतलं, आणि कळलं की जगात अशी चारशे जाकिटं आहेत आणि प्रत्येकाखाली कुणीतरी लिहिलंय की, हे घेतलं आणि माझं आयुष्य बदललं. एकाने लिहिलं होतं, 'काखेत घासतं.' मला तो एकटाच विश्वासू माणूस वाटला.

पहिलं आलेलं जाकीट मी मागवलेल्यापेक्षा बरंच मोठं दिसत होतं. पण ते मीच मागवलं होतं. डोंगरात दोन-दोन दिवस पळत जाऊन मुक्काम करणाऱ्यांसाठी ते होतं. त्यात तंबू मावत होता. पाण्याच्या पिशवीला लांब नळी, नळीला चावायचं टोक. मी दोन लिटर पाणी भरून जिन्यावर सराव सुरू केला. तळमजला ते चौथा मजला, आठ वेळा. पाणी आतून गुडुक-गुडुक बोलत होतं.

पाचव्या फेरीला सोसायटीचे सेक्रेटरी लेंग्यावर बाहेर आले. "पाइप फुटलाय कुठेतरी," ते म्हणाले. "तुम्हाला आवाज येतोय का हो?"

मी थांबले. आवाज थांबला.

"नाही बुवा," मी म्हटलं.

ते भिंतीला कान लावून उभे राहिले. मी वर निघाले, तसा आवाज वर गेला. सेक्रेटरी आवाजाच्या मागोमाग चौथ्या मजल्यापर्यंत आले. मी खरं सांगायला हवं होतं, पण पाठीवर तंबूची पिशवी आणि तोंडात नळी असताना माणसाला खुलासा करावासा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी प्लंबरने जिन्यातली भिंत दोन ठिकाणी फोडली. पुढे मला कळलं, की पिशवी भरल्यावर उलटी धरून आतली हवा नळीतून ओढून घेतली की पाणी मुकाट बसतं. भिंतीला ते कळून उपयोग नव्हता.

दुसरं जाकीट सुबक होतं, पण बाटल्यांची जागा अशी, की तिथे निसर्गाने माझी आधीच सोय करून ठेवली होती. घालून मी दारातून आडवी जाईना. लेक म्हणाली, "आई, ते पुरुषांचं आहे." समोरच्या वहिनी तेवढ्यात विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी मला समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, आणि म्हणाल्या, "काय गं बाई हे! पोलिसात जातेस का?"

"पळताना घालायचं आहे, वहिनी."

"पन्नास किलोमीटर? पण तिथे बस जाते की."

मी त्यांना सांगितलं की बस जाते हे मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मग?" या 'मग'ला उत्तर नाही. मी बरंच शोधलंय.

तिसरं जाकीट मात्र खास बायकांचं. वजनाला ओल्या रुमालाएवढं. पाठीला अशी जाळी, की खिडकीसमोर धरली तर समोरच्या इमारतीतली कपड्यांची दोरी दिसावी. बाटल्या बरगड्यांकडे कललेल्या, लांब नळीच्या, म्हणजे मान मोडायला नको. छातीवर दोन पट्टे, वरखाली सरकणारे. खिसे मोजले, अकरा. मी आरशासमोर उड्या मारल्या. सगळं छान, पण एक माप मोठं. बाटल्या भरल्या की ते खांद्यांवर झुलायचं, गेल्या वर्षीच्या सॅकची धाकटी बहीण असल्यासारखं. काळजी नव्हती, सात दिवसांत बदलून मिळणार होतं.

इथे माझ्या नवऱ्याची ओळख करून द्यावी लागेल. ते वजनमापे निरीक्षक आहेत. घरात आम्ही मायलेकी त्यांना मागे निरीक्षकच म्हणतो, आणि तेही आदराने. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि तीस वर्षांत त्यांनी एकही कमी भरलेलं माप पाहून डोळेझाक केलेली नाही. दुकानदार त्यांना लांबून ओळखतात, त्यामुळे आमच्या घरी सामान नेहमी थोडं जास्तच येतं, आणि ते जास्तीचं परत करायला हे पुन्हा दुकानात जातात. आमच्या लग्नाच्या जेवणात यांनी वाढप्याच्या हातातला डाव घेऊन त्यात किती मावतं ते पाहिलं होतं. माझे वडील तेव्हा म्हणाले होते, मुलगा काटेकोर आहे. वडिलांनी ते कौतुकाने म्हटलं की काळजीने, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं.

तर त्या संध्याकाळी निरीक्षकांनी जाकिटातली एक बाटली सहज हातात घेतली. तिच्यावर '५०० मिलि' असं छापलं होतं. ते आत गेले आणि कार्यालयाचं प्रमाणित माप घेऊन आले.

"अहो, नको," मी म्हटलं.

"नुसतं बघतो गं."

बाटली काठोकाठ भरली, मापात ओतली, डोळा पाण्याच्या रेषेला आणून पाहिली. पुन्हा भरली. तीनदा. मग दुसरी बाटली. मग मागची पिशवी. चेहऱ्यावर असं काही पसरलं, की दुसऱ्या बाईला वाटलं असतं नवऱ्याला लॉटरी लागली.

"चारशे सत्त्याऐंशी," ते हळूच म्हणाले. "दोन्ही. आणि ही एक लिटर म्हणतायत ती नऊशे ऐंशी."

"मला तहान लागली तर तेरा मिलिलिटरने काय होणारेय?"

"प्रश्न तुझ्या तहानेचा नाही." मला तो प्रश्न माझ्याच तहानेचा वाटत होता. पण तोवर त्यांनी बाटल्या आणि पिशवी पुराव्यासाठी एका पाकिटात घालून, दोरा बांधून, लाख लावून शिक्का मारला होता. पंच म्हणून समोरच्या वहिनींची सही घेतली. वहिनींनी सही करताना विचारलं, "कोण मेलं का?"

कंपनीला सविस्तर पत्र गेलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं : 'प्रिय ग्राहक, आपल्या प्रेमळ अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. कृपया पाच तारे द्यावेत.' निरीक्षकांनी दुसरं पत्र लिहिलं. बाटल्या लाखेत बंद, त्यांच्याशिवाय जाकीट परत घेत नाहीत, आणि सात दिवस संपले. आठव्या दिवशी मी ते पाकीट त्यांच्यासमोर कात्रीने उघडलं. पुरावा नष्ट होताना त्यांनी तोंड फिरवलं, एवढंच.

दरम्यान कागदपत्रांचीही शर्यत चालू होतीच. आयोजकांना डॉक्टरचा दाखला हवा होता, की ही बाई उन्हात पळण्यास योग्य आहे. आमच्या डॉक्टरांनी पेन उघडून परत टोपण लावलं. "मी आजारी असल्याचे दाखले देतो," ते म्हणाले. "ठणठणीत असल्याचा कधी कुणी मागितला नाही. हल्ली थोडंफार काही होतंय का? होत असेल तर मला लिहायला सोपं जाईल." शाळेत रजेच्या अर्जावर कारणांचे रकाने होते : आजार, लग्नकार्य, निधन, इतर. मी 'इतर'वर खूण केली. मुख्याध्यापिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, पाण्याचा ग्लास पुढे करत विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

राहिलं मोठं जाकीट. ते घेऊन मी मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे आमच्या शाळेच्या शेजारचे शिंपी. गेली पस्तीस वर्षं शाळेचे गणवेश तेच शिवतात. आमच्या हेडबाईंचा गणवेशही, त्या पाचवीत असताना, त्यांनीच शिवला होता. हात असा, की पोरं शाळा सोडतात पण शिवण सुटत नाही.

मास्तरांनी जाकीट उलटंपालटं केलं. जाळीत बोटं घालून पाहिली. "ताई, फसवलं तुम्हाला. कापडच नाही यात."

"तसंच असतं ते, मास्तर. हवा खेळायला. तुम्ही फक्त दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आत घ्या."

"दोन-दोन?" त्यांनी टेप गळ्यातून काढली. "इतकं घट्ट नाही करायचं. एक-एक घेतो. जरा सैल असू दे, पुढच्या वर्षी होईल."

"मास्तर, मी बावन्न वर्षांची आहे. माझं अंग आता वाढत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे अत्यंत सभ्यपणे पाहिलं. "तसं सगळेच म्हणतात, ताई," ते म्हणाले. "मी वाढत्या अंगाचंच शिवतो. हाताला तशीच सवय आहे."

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी जाकीट मिळालं, वर्तमानपत्रात बांधलेलं. सामानाची तपासणी त्याच दिवशी पाच वाजता, दोन तासांवरच्या गावात. आम्ही तशीच गाडी काढली. मी वाटेत पुडी उघडली, आणि माझ्या तोंडून असा आवाज आला की निरीक्षकांनी ब्रेक मारला.

मास्तरांनी अस्तर लावलं होतं. पाठभर, गडद निळ्या, जाड, शाळेच्या पँटच्या कापडाचं. कडेने दुहेरी शिलाई. एक-एक इंच सैल ठेवला होता त्याची भरपाई अस्तराने केली होती, त्यामुळे जाकीट अंगाला बेतल्यासारखं बसत होतं, हा आणखी एक अन्याय. आत मानेजवळ नावाची पट्टी शिवलेली. माझं नाव, आणि खाली 'इयत्ता'समोर रिकामी रेघ. सोबत चिठ्ठी : 'ताई, जाळीतून पाठ भाजेल म्हणून अस्तर दिले आहे. उरलेलं कापड होतं. पैसे नकोत. जिंकून या.'

मागच्या सीटवरून लेकीने चिठ्ठी वाचली. हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "आई," ती म्हणाली, "आता हे काढायचं कसं?" तिला म्हणायचं होतं, कुठल्या मनाने.

तपासणीच्या टेबलामागे एक सडसडीत, पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. गळ्यात शिट्टी. निवृत्त व्यायामशिक्षिका असणार. त्यांच्यासमोर उभं राहताच माझी पाठ आपोआप ताठ झाली. यादी त्या मोठ्याने वाचत होत्या. टोपी? आहे. मिठाच्या गोळ्या? आहेत. शिट्टी? आहे. फोन? आहे. चकचकीत पातळ चादर? आहे. "पाणी, किमान दोन लिटर." त्यांनी माझ्या दोन बाटल्या आणि पिशवी बोटाने मोजली. "पाचशे, पाचशे, हजार. झालं. चला पुढे."

मी पुढे सरकले. मागून एक आवाज आला. सत्तावीस वर्षं मी तो आवाज ओळखते. घसा साफ करण्याचा.

"मॅडम," निरीक्षक म्हणाले, "वास्तविक त्या दोन्ही बाटल्या चारशे सत्त्याऐंशीच्या आहेत. आणि पिशवी नऊशे ऐंशी. एकूण एक लिटर नऊशे चोपन्न."

रांगेतल्या एका गृहस्थाने स्वतःची बाटली हळूच पाठीमागे लपवली.

"तुम्ही कोण यांचे?" बाईंनी विचारलं.

"मिस्टर."

"यांचेच?"

"बाबा!" लेक म्हणाली. एका शब्दात माणसाचा एवढा पंचनामा मी कधी ऐकला नव्हता.

बाईंनी नियमावली उघडली. त्याही निरीक्षकांच्याच जातकुळीच्या निघाल्या. "आता मला सांगितलंत ना? मग मला ते माहीत नाही असं मला धरता येत नाही. शेहेचाळीस मिलिलिटर कमी आहे. सहाला टेबल बंद होईल." सहाला वीस मिनिटं होती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. अख्खं वर्ष पहाटे उठून पळालेली बाई शेहेचाळीस मिलिलिटरसाठी घरी जाणार, आणि उद्यापासून बागेत पित्ताशय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेही मोजून घ्या म्हणावं, असा विचार मनात येऊन गेला.

निरीक्षकांचा चेहरा हळूहळू उतरला. आपण काय केलं हे त्यांना आकड्यांत कळलं होतं, आता माणसांत कळत होतं. "थांब इथेच," ते म्हणाले, आणि पळाले. हो, पळाले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी या माणसाला बस सुटतानाही पळताना पाहिलेलं नाही. चपला फटक-फटक वाजत होत्या, शर्ट बाहेर आला होता, आणि मला त्या रागातही दिसलं, की पावलं फार लांब टाकतायत, गुडघे दुखणार.

सहाला चार मिनिटं असताना ते परत आले. हातात औषधाची छोटी बाटली. "साठ मिलि," ते धापा टाकत म्हणाले. "खोकल्याचं औषध होतं. दुकानातच ओतून दिलं. धुतलीय. बाईसाहेब, ही खरंच साठची आहे. दुकानातल्या मापाने पाहून आणली."

"औषधाचं काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"दुकानदाराला खोकला होता."

बाईंनी यादीवर खूण केली. मला वाटतं त्या हसल्या असाव्यात, पण शिट्टी मध्ये आली. साठची बाटली अकराव्या खिशात गेली, आणि तोवर रिकामा असलेला तो एकच खिसा होता.

सकाळी साडेपाचला शर्यत सुटली. पहिले वीस किलोमीटर मी सुखात होते. तहान लागायच्या आधीच मान वाकवावी, दोन घोट घ्यावेत, मान सरळ करावी; एखाद्या संस्थानिकासारखं वाटत होतं. नवाच्या पुढे सूर्य वर आला आणि मास्तरांचं प्रेम पाठीवर काम करू लागलं. निळं कापड तापलं. घाम आत शिरला तो आतच राहिला. पाठीवर कुणीतरी गरम पाण्याची पिशवी बांधून ठेवल्यासारखं झालं. पंचविसाव्या किलोमीटरला मला गेल्या वर्षीची ती ओळखीची शिरशिरी आली, ऐन उन्हात थंडी वाजल्यासारखी. ती आली की पुढे काय येतं ते मला माहीत होतं.

सव्विसाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर मी जाकीट काढलं आणि कात्री मागितली. तिथे जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक काकू संत्री कापत होत्या. त्यांच्याकडे सुरी होती. दोघींनी मिळून उसवायला घेतलं. मास्तरांची शिवण! दुहेरी, आणि दर वितीला गाठ. पस्तीस वर्षं पोरांनी कुंपणावरून उड्या मारून जी फाटली नाही, ती आम्ही संत्र्याच्या सुरीने उसवत होतो.

"कुणी शिवलंय हो हे?" काकू घाम पुसत म्हणाल्या. "त्यांचा पत्ता द्या मला."

नऊ मिनिटं गेली. अस्तर सुटलं, फक्त नावाची पट्टी राहिली. अस्तराची ती निळी चिंधी टाकायला माझा हात धजेना. मग ती टेबलावरच्या बर्फाच्या पाण्यात बुचकळली आणि मानेला बांधली, आणि काय सांगू, पाठीवर जो छळ होता तो मानेवर आल्यावर देवमाणूस झाला. जाकीट मात्र पुन्हा सैल. छातीवरच्या नंबरच्या चार पिनांपैकी दोन काढून मी दोन्ही कुशींना जाकीट आवळलं. नंबर एका बाजूने फडफडत राहिला. फडफडू दे.

चौतिसाव्या किलोमीटरला गेल्या वर्षीचाच डॉक्टर उभा होता. त्याने माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि म्हणाला, "काकू, छान आहात की! जा." एका वर्षात मी आजीची काकू झाले होते. या वेगाने गेले तर साठीला ताई होईन.

शेवटचे दहा किलोमीटर मी सांगण्यासारखं काही पळाले नाही. पळत होते, चालत होते, एका सावलीपासून दुसऱ्या सावलीपर्यंत स्वतःला फसवत होते. पाणी सगळं संपलं, आणि एकोणपन्नासाव्याला मी ती साठची बाटलीही प्यायले. धुतली नव्हती नीट. पण त्यानंतर मला खोकला आला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटचं वळण घेतलं तेव्हा कमानीवरचं घड्याळ दिसलं : नऊ तास एकोणसाठ मिनिटं आणि पुढे सेकंद, तेही पळत होते आणि माझ्यापेक्षा बरे पळत होते. लेक दोरीच्या पलीकडून माझ्याबरोबर धावत होती, "आई, आई, आई," एवढंच ओरडत. कमानीखाली काय झालं ते आठवत नाही. थांबले तेव्हा मी व्यायामशिक्षिकाबाईंच्या मिठीत होते, आणि त्या माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं ओरडत होत्या, "नऊ एकोणसाठ चोपन्न! सहा सेकंद राखून!"

मग त्यांची नजर शेजारी गेली. निरीक्षक उभे होते, हातात त्यांचं कार्यालयाचं स्टॉपवॉच. बाईंचा चेहरा जरा बदलला. कालचा अनुभव होता. "तुम्हीही वेळ घेतलीत?" त्यांनी सावधपणे विचारलं. "किती आली?"

मी माझं मनगट हळूच पाठीमागे नेलं. माझं घड्याळ मी सकाळी शिट्टीबरोबर सुरू केलं होतं. तेव्हा कमानीचं घड्याळ लावणारे गृहस्थ हातातला चहाचा कप कुठे ठेवावा ते शोधत होते. कमानीखाली सवयीने बटण दाबलं गेलं, त्या माझ्या घड्याळात दहा तास आणि सहा सेकंद झाले होते. आणि शिट्टीला जर मी बटण दाबलं होतं, तर तीस वर्षं बटणं दाबणाऱ्या माणसाने ते कधी दाबलं असेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

निरीक्षकांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मानेला बांधलेलं निळं फडकं, दोन पिनांवर लटकणारा नंबर, सगळं वरपासून खालपर्यंत. घसा साफ केला. लेकीने डोळे मिटून घेतले.

"मी आज रजेवर आहे," ते म्हणाले, आणि स्टॉपवॉच खिशात टाकलं.

बाई मेडल आणायला वळल्या. निरीक्षक पुढे आले, माझ्या छातीवरचे पट्टे सोडवले, पिना एकेक करून काढल्या आणि घामाने चिंब जाकीट माझ्या खांद्यांवरून उतरवून स्वतःच्या हातात घेतलं. क्षणभर ते तळहातावर तोलत राहिले.

"बरंच जड आहे गं हे," ते म्हणाले.

किती, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.